नकाराचं कारण विचारण्याचा हक्क

नोकरीसाठी अर्ज करावा, मुलाखत चांगली व्हावी आणि अखेर नकाराचं चार ओळींचं पत्र हाती यावं. नाही म्हणण्याचा अधिकार मालकाला आहेच. पण त्यानं ज्या माहितीवर विसंबून नाही म्हटलं ती खरी की खोटी, हे अर्जदाराला तपासता यावं की नाही? या साध्या प्रश्नाला कायद्यानं उत्तर द्यायला अमेरिकेत सव्वाशेहून अधिक वर्षं लागली.

सुरुवात झाली व्यापारातून. १८३७च्या मंदीत न्यूयॉर्कचे रेशमाचे व्यापारी लुइस टॅपन उधारी बुडून अडचणीत आले. मग १८४१ मध्ये त्यांनी 'मर्कंटाइल एजन्सी' काढली. गावोगावचे बातमीदार व्यापाऱ्यांची पत कळवायचे आणि एजन्सी ती माहिती विकायची. १८९९ मध्ये अटलांटात वुलफोर्ड बंधूंनी 'रिटेल क्रेडिट कंपनी' स्थापन केली. आजची 'इक्विफॅक्स' ती हीच. आता सामान्य माणसाचीही चौकशी होऊ लागली. विमा किंवा नोकरी मागणारा दारू पितो का, घरी कसा वागतो, हे शेजाऱ्यांना विचारलं जाई. लग्न जुळवताना आपल्याकडे होते तशीच ही चौकशी. फरक एवढाच, की इथे शेजाऱ्याचा शेरा कागदावर उतरे आणि पुढे विकला जाई. अहवाल घेणाऱ्यानं तो संबंधित माणसाला दाखवू नये, अशी करारात अटच असे.

साठच्या दशकात या नोंदी संगणकात जाऊ लागल्या, तेव्हा विस्कॉन्सिनचे सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी हा विषय लावून धरला. २६ ऑक्टोबर १९७० रोजी अध्यक्ष निक्सन यांची 'फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट'वर सही झाली आणि एप्रिल १९७१ पासून कायदा लागू झाला. अहवालामुळे नकार दिला असेल तर तसं सांगायचं आणि अहवाल देणाऱ्या संस्थेचं नाव-पत्ता द्यायचा. संस्थेनं माहितीचा आशय सांगायचा, आक्षेप आला तर फेरतपासणी करायची आणि खरेपणा पटला नाही तर नोंद काढून टाकायची. मात्र अहवालाची प्रत देण्याची सक्ती नव्हती आणि अब्रुनुकसानीच्या दाव्यांपासून संस्थांना बरंचसं संरक्षण मिळालं. कायदा तडजोडीतून झाला होता.

त्याची परीक्षा लगेच झाली. 'सेंट लुई पोस्ट-डिस्पॅच' या दैनिकाचे पत्रकार मिलस्टोन १९७१ मध्ये वॉशिंग्टनहून सेंट लुईला आले. त्यांच्या मोटारीचा विमा रद्द होत असल्याचं कळलं. कारण होतं चौकशी अहवाल. हा माणूस 'हिप्पी' वळणाचा, निदर्शकांना घरी ठेवणारा, अमली पदार्थ घेत असल्याचा संशय असलेला, असं त्यात लिहिलं होतं. हे सगळं एकाच नाराज शेजाऱ्याचं सांगणं होतं. एजंटाच्या रदबदलीनं विमा टिकला, पण मिलस्टोन थांबले नाहीत. अहवालात काय आहे ते सांगायला संस्थेनं टाळाटाळ केली, तेव्हा ते कोर्टात गेले. नुकसानभरपाईचे २,५०० डॉलर आणि दंडादाखल आणखी २५,००० डॉलर देण्याचा निकाल १९७६ मध्ये अपिलातही कायम राहिला.

मूळ कायद्यातली त्रुटी १९९६च्या दुरुस्तीनं बरीच भरून निघाली. आता अहवालामुळे नोकरी नाकारायची असेल तर मालकानं निर्णयाआधीच उमेदवाराला प्रत द्यावी लागते. म्हणजे चूक असेल तर ती वेळीच दाखवता येते.

आपल्याकडे निदान कर्जाच्या बाबतीत हा विचार पोचला आहे. 'सिबिल' ही संस्था २००० मध्ये मुंबईत स्थापन झाली आणि २००५ मध्ये पतमाहिती कंपन्यांसाठी कायदा आला. त्यानुसार कर्जासाठी अर्ज करणाऱ्याला बँकेनं मिळवलेल्या माहितीची प्रत मागता येते. २०१७ पासून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेनं २०२३ मध्ये काढला. तेव्हा कर्ज नाकारलं गेलं तर नशिबाला बोल लावण्याआधी तो अहवाल मागवून नीट वाचावा. आपल्याच नावाखाली दुसऱ्याचं थकलेलं कर्जही नोंदलेलं असू शकतं.