हात एके हात

शाळेतली पहिली पट्टी मी सातच्या पाढ्यावर खाल्ली. पाढा चुकला नव्हता, पण तरी खाल्ली.

साल १९५७ किंवा ५८ असेल. वसई तालुक्यातली चर्चच्या आवारातली आमची मराठी प्राथमिक शाळा. (तेव्हा जिल्हा ठाणे. पालघर २०१४ साली झाला.) कौलारू छप्पर, लांबच लांब पडवी, आणि एका दालनात दोन-दोन वर्ग. एका भिंतीला पहिली, दुसऱ्या भिंतीला दुसरी. पहिलीचा धडा दुसरीला पाठ आणि दुसरीची उजळणी पहिलीला पाठ, असा दुहेरी फायदा होता तो! शाळा सुटायच्या आधी सगळ्यांनी उभं राहून पाढे म्हणायचे. त्या दिवशी गुरुजींनी मला पुढे बोलावलं आणि सातचा पाढा म्हणायला सांगितला. मी खणखणीत आवाजात सुरुवात केली, "हात एके हात..."

गुरुजी म्हणाले, "काय म्हणालीस?"

मी पुन्हा म्हटलं, "हात एके हात."

"बरं. मग दे हात."

वर्ग हसला. मीही हसले, कारण मला वाटलं गुरुजी गंमत करताहेत. मग पट्टी बसली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही कुपारी, म्हणजे सामवेदी ख्रिस्ती. आमच्या घरची बोली कादोडी. तिच्यात 'स'चा बहुतेक ठिकाणी 'ह' होतो. सात म्हणजे हात. मग हाताला काय म्हणता, असं लोक विचारतात. हातालाही हातच म्हणतो, आमचं काही अडत नाही. या बोलीची नोंद ग्रिअर्सनसाहेबांनी १९०५ साली त्यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात केलेली आहे. सातव्याच! पण हे मला कळलं बी.ए.ला मराठी घेतल्यावर. त्या वयात एवढंच कळलं की आई जे बोलते ते शाळेत बोलायचं नसतं.

आमचा वर्ग म्हणजे तालुक्याची छोटी आवृत्तीच होती. आम्ही कुपारी होतो, ख्रिस्ती वाडवळ होते, किनाऱ्याकडून येणारी ख्रिस्ती कोळ्यांची दोन मुलं होती. सामवेदी ब्राह्मणांची, पाचकळशी वाडवळांची आणि भंडाऱ्यांची हिंदू मुलं होती. सोपाऱ्याकडची एक मुसलमान मुलगी होती, तिचे वडील कुठलंसं काम घेऊन आमच्या गावात राहिले होते. दुसरी शाळा लांब होती, म्हणून सगळे इथे. कुणी 'सर्वधर्मसमभाव' वगैरे शब्द उच्चारल्याचं मला आठवत नाही. फादरांची शाळा ती गावाची शाळा, एवढंच.

पहिला तास धर्माचा. घंटा झाली की वर्गाचे दोन भाग व्हायचे. ख्रिस्ती मुलं आत बसून प्रश्नोत्तरं घोकायची, बाकीची मुलं पडवीत बाईंपुढे नीतीच्या तासाला जायची. तिथे कोल्ह्याच्या, कावळ्याच्या, राजाच्या गोष्टी चालायच्या. आमच्याकडे प्रश्न पाठ, उत्तर पाठ, आणि चुकलं की पुन्हा पाठ. आमचा एक कान सतत पडवीत असायचा. पुढे मी स्वतः मुख्याध्यापिका झाले तेव्हा घटनेतलं अठ्ठाविसावं कलम वाचलं. सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि मूल लहान असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. म्हणजे ती पडवी घटनेनं दिलेली होती! आम्हाला वाटायचं, पडवीतल्यांचं नशीब थोर.

दुपारी बाराला चर्चची घंटा वाजली की सगळ्यांनी उभं राहायचं. आम्ही 'नमो मारिया' म्हणायचो, बाकीचे गप्प उभे राहायचे. ती मुसलमान मुलगी डोळे मिटून उभी असायची आणि तिचे ओठ हलत असायचे. ती काय म्हणत होती हे मी तिला कधी विचारलं नाही. आता विचारावंसं वाटतं.

आता मुख्य गोष्ट. माझ्या बाकावर माझ्या शेजारी सामवेदी ब्राह्मणांची मुलगी बसायची. ती माझी सगळ्यांत जवळची मैत्रीण. धर्माच्या तासाला आमची ताटातूट व्हायची, ती पडवीत आणि मी आत. पण मधल्या सुट्टीत वर्गाची वाटणी निराळीच व्हायची. ती आणि मी चिंचेखाली बसून कादोडीत बोलायचो, कारण तिच्या घरीही तीच बोली. तिकडे ख्रिस्ती वाडवळ आणि हिंदू वाडवळ पोरं एकमेकांशी वाडवळीत भांडायची. कोळ्यांची दोन मुलं आपल्या बोलीत. म्हणजे सकाळच्या घंटेला ज्या रेषेवर वर्ग तुटायचा, ती रेष सुट्टीत कुठे सापडायचीच नाही. ख्रिस्ती कोळ्याचं बोलणं मला अर्धं समजायचं आणि ब्राह्मणाच्या मुलीचं सगळं.

याचं कारण इतिहासात आहे. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मधली दोनशे पाच वर्षं इथे पोर्तुगीजांची सत्ता होती आणि त्या काळात गावंच्या गावं ख्रिस्ती झाली. कुणी मनानं, कुणी फायद्यासाठी, कुणी भीतीनं. एकाच कुळातले काही गेले, काही राहिले. देव बदलला, आडनावं बदलली, पण बोली कुणी बदलली नाही. केळीची बाग तीच, बावखल तेच, रहाट तोच. 'कुपारी' हा शब्द 'कोंपाद्रे' या पोर्तुगीज शब्दावरून आला असं सांगतात. त्याचा अर्थ मुलाच्या बाप्तिस्म्यामुळे जोडलं जाणारं नातं. नाव परक्यांकडून आलं आणि बोली घरची राहिली.

तरीही चर्चमध्ये कादोडी नव्हती. मिस्सा लॅटिनमध्ये असायची. १९६३ च्या डिसेंबरात व्हॅटिकन परिषदेनं लोकांच्या भाषेला परवानगी दिली आणि त्यानंतर आमच्याकडे मराठी मिस्सा सुरू झाली. म्हणजे मी प्राथमिक शाळेत असताना देवाची भाषा लॅटिन, शाळेची मराठी आणि घरची कादोडी. लॅटिन एकालाही कळत नव्हती, पण ती चुकीची म्हटली म्हणून कुणी पट्टी मारल्याचं मला आठवत नाही. पट्टी होती ती घरच्या बोलीला. माझी मैत्रीणही 'हात' म्हणायची आणि तिलाही तीच पट्टी बसायची. गुरुजींनी त्यात धर्म बघितला नाही, हे मात्र खरं!

गुरुजींबद्दल वाईट बोलायला मी हे लिहीत नाही. ते आमच्याच गावचे, आमच्यासारखेच कुपारी. संध्याकाळी बावखलाच्या काठावर माझ्या वडिलांशी गप्पा मारायला बसत, तेव्हा त्यांच्या तोंडी अस्सल कादोडी असायची. एकदा मी पाणी घेऊन गेले आणि त्यांच्या तोंडून 'हात' ऐकला. बहुधा केळीच्या घडांचा हिशेब चालला होता. मी तशीच उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनीही माझ्याकडे बघितलं आणि पाणी प्यायले. दुसऱ्या दिवशी शाळेत पट्टी होतीच. आता वाटतं, त्यांना भीती वाटत असावी. पुढे ही पोरं मुंबईला नोकरीला जाणार, तोंड उघडलं की लोक हसणार. त्यांना स्वतःला कुणीतरी हसलं असणार.

शुद्ध-अशुद्ध म्हणजे तरी काय? ज्या प्रमाण मराठीसाठी आम्ही पट्ट्या खाल्ल्या, तिच्यात पगार, चावी, बटाटा, पाव, लिलाव, फीत हे सगळे शब्द पोर्तुगीजांचे. 'नाताळ' तर आहेच. पगाराला कुणी अशुद्ध म्हणत नाही, पगार घेतानाही नाही. आणि ज्यांनी १६१६ साली मराठी ओव्यांमध्ये 'ख्रिस्तपुराण' छापलं ते फादर स्टीफन्स जन्मानं इंग्रज. ते पुराण छापलं गेलं रोमन लिपीत. परक्या माणसानं परक्या लिपीत छापलेलं पुस्तक मराठीचं भूषण म्हणून मी कॉलेजात शिकले. तेव्हाही घरी जाऊन आईशी कादोडीत बोलताना शेजारी कुणी पाहुणा नाही ना, हे बघायचे.

आता माझी पाळी. मी ७२ साली शिक्षिका झाले, चर्चच्याच एका शाळेत. छत्तीस वर्षं शिकवलं. पट्टी मी वापरली नाही, याचा मला फार अभिमान होता. नव्वदच्या सुमाराला नालासोपारा-वसई भराभर वाढू लागलं. वर्गात उत्तर प्रदेशातली, बिहारमधली, गुजराती, तेलुगू मुलं येऊ लागली. आमच्या काळच्या वर्गापेक्षा कितीतरी जास्त रंग. चौथीच्या वर्गात एक मुलगा होता, वडील टेम्पो चालवायचे. मुलगा हुशार. निबंध मोठ्यानं वाचताना तो म्हणाला, "माझी साळा." पुढच्या ओळीतही साळा. मी म्हटलं, "साळा? अरे, साळा तर शेतात पिकतात!" मला वाटलं मी मजेदार बोलले. वर्ग हसला. मुलगा खाली बसला आणि त्यानंतर सबंध आठवडा त्यानं वर्गात तोंड उघडलं नाही.

शुक्रवारी घरी भात टाकताना एकदम आठवलं: बरं, मग दे हात. वाक्य वेगळं, पण चाल तीच. पट्टी हातात नसली म्हणून काय झालं?

सोमवारी मी वर्गात माझी सातच्या पाढ्याची गोष्ट सांगितली. मग फळ्यावर 'सात' लिहून विचारलं, तुमच्या घरी याला काय म्हणतात? आधी कुणी बोलेना. मग एका कुपारी मुलानं मान खाली घालून 'हात' म्हटलं. मग दुसऱ्यानं. तेलुगू मुलगी 'एडु' म्हणाली. तो टेम्पोवाल्याचा मुलगा शेवटी म्हणाला, "बाई, आमच्याकडे पण सातच." सगळे हसले, आणि या वेळी तोही हसला. मला त्याच्याजवळ माफी मागायची होती, पण तीस मुलांसमोर ती मला मागता आली नाही. मागायला हवी होती.

त्याच आठवड्यात त्या कुपारी मुलाची आई शाळेत आली. नम्रपणे म्हणाली, "बाई, त्याला ते गावठी बोलायला नका सांगू. आम्ही आता घरी मराठीच बोलतो. पुढच्या वर्षी इंग्लिश मीडियमला टाकायचाय." ती माझ्याशी प्रमाण मराठीत बोलत होती, जपून, एकेक 'स' मोजून. मी काय उत्तर द्यायचं? माझी स्वतःची मुलगी तेव्हा कादोडी समजायची, बोलायची नाही. आम्ही घरी तिच्याशी मराठीच बोललो होतो.

मराठी शाळांचे वर्ग ओस पडताहेत म्हणून आता हळहळ होते. मलाही होते. पण त्या वर्गांनी आधी कुणाची बोली काढून घेतली हेही कुठेतरी लिहून ठेवायला हवं, म्हणून लिहिलं. आता तरुण मंडळी कादोडीत लिहितात, गातात, महोत्सव भरवतात. माझी नात मोबाइलवर ती गाणी ऐकते आणि अर्थ मला विचारते.

मैत्रीण अजून भेटते. तिचे गुडघे दुखतात, माझे डोळे गेलेत. मागच्या कार्तिकात दोघी निर्मळच्या जत्रेला गेलो. तिनं शंकराचार्यांच्या समाधीचं दर्शन घेतलं, मी बाहेर चपला सांभाळल्या. मग सुकेळी घ्यायला गेलो. विकणारी बाई आमच्याच बाजूची, वयानं आमच्याएवढी. भाव सांगताना तिच्या बोलण्यात 'हात' आला, आणि मैत्रिणीनं उजवा हात चटकन पदराखाली घेतला.

मी सुकेळ्यांचे पैसे दिले.