चंद्राचा शाप आणि आत्याचा पेला

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण दारात पणत्या मांडतो, तेव्हा वर आकाशात चंद्र नसतो. हा चंद्र झिजतो का, याची एक कथा आपल्या पुराणांनी सांगितली आहे. दक्षाने आपल्या सत्तावीस मुली चंद्राला दिल्या. पण तो एकट्या रोहिणीतच रमला. बाकीच्या मुलींचे गाऱ्हाणे ऐकून दक्ष कोपला आणि चंद्राला क्षय जडला. चरकसंहितेतही ही कथा क्षयाच्याच प्रकरणात येते. राजाला, म्हणजे चंद्राला, झालेला यक्ष्मा तो राजयक्ष्मा. कथा गोड आहे, पण तिच्या पोटात एक काटा आहे. रोग झाला, त्या अर्थी रोग्याचे काहीतरी चुकले असले पाहिजे, असे ती नकळत सांगून जाते.

हा काटा मी घरातच पाहिला आहे. विलेपार्ल्याला पूर्वेकडे आमचे कौलारू घर होते. मागच्या पडवीशेजारच्या खोलीत माझी आत्या एके काळी वर्षभर निजून होती. खिडकीतून बिस्किटांच्या कारखान्याचा गोड वास येई, आणि तो वास आला की तिला खोकला येई, असे आई सांगे. आत्या गेली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मला ठाऊक होता तो तिचा पितळी पेला. माळ्यावर एका फडक्यात तो गुंडाळून ठेवलेला असे आणि त्याला हात लावायची आम्हा मुलांना बंदी होती. आत्याला काय झाले होते, हे विचारले की आजी म्हणे, “अशक्तपणा होता.” क्षय हा शब्द त्या घरात कुणी उच्चारला नाही. आत्याच्या दुखण्यापेक्षा तिच्या धाकट्या बहिणींची लग्ने मोडतील, याचीच धास्ती मोठी होती.

वस्तुतः त्या रोगाचे मूळ तोवर कधीच सापडले होते. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. त्याच्या पुढच्याच वर्षी कल्याणच्या आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेला गेल्या. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी झालेली नसताना, पुण्यात क्षयानेच वारल्या. शत्रूचे नाव जगाला कळले होते, पण त्याच्यावर चालवायला हत्यार नव्हते. पुढची साठ वर्षे डॉक्टरांच्या हाती उरली ती हवा, दूध आणि विश्रांती. पाचगणीला १९१२ मध्ये डॉ. रुस्तम बिलिमोरिया यांनी आरोग्यधाम काढले, ते याच आशेवर. ज्यांना पाचगणी परवडत नसे, त्यांना पार्ल्यासारख्या ठिकाणची मागची पडवी होतीच.

हत्यार मिळाले १९४३ मध्ये. सेल्मन वॅक्समन यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या तरुणाने मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळे केले. १९५२ मध्ये आयसोनियाझिडच्या गोळ्या आल्या. मग १९५६ मध्ये मद्रासला एक प्रयोग सुरू झाला. गरीब रोग्यांपैकी काहींना आरोग्यधामात ठेवले आणि काहींना त्यांच्याच दाटीवाटीच्या घरात औषधे दिली. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी राहिलेले रोगी आरोग्यधामातल्यांच्या जवळजवळ बरोबरीने बरे झाले होते आणि त्यांच्या घरच्या माणसांनाही त्यामुळे अधिक धोका झालेला दिसला नाही. क्षय पसरतो तो हवेतून, भांड्यांतून नव्हे. आमच्या माळ्यावरच्या त्या पेल्याचा काहीच गुन्हा नव्हता.

तरी एक कोडे उरतेच. जगातल्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या माणसांच्या शरीरात हा जंतू शिरलेला असतो, असा अंदाज आहे. त्यांतल्या शंभरांपैकी पाच ते दहाच जणांना आयुष्यात कधीतरी रोग होतो. बाकीच्यांच्या शरीरात तो दबूनच राहतो. हे का? उपासमार, दाटी, मधुमेह ही कारणे खरीच. पण लढाई प्रत्यक्ष होते कुठे?

ती होते एका पेशीच्या आत. आपल्या फुप्फुसांत पहारेकरी पेशी असतात. आलेला जंतू त्या गिळतात आणि पचवून टाकतात. क्षयाचा जंतू मात्र गिळला गेल्यावरही मरत नाही. पहारेकऱ्याच्याच पोटात तो बिऱ्हाड थाटतो. हे त्याला कसे साधते, याचा एक धागा फार अनपेक्षित जागी सापडला.

मातीत राहणारा, जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा एक किडा आहे. त्याचा अभ्यास करताना व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना १९९३ मध्ये आरएनएचा एक इवलासा तुकडा दिसला. आरएनए म्हणजे जनुकाचा निरोप पेशीच्या कारखान्यात पोचवणारी चिठ्ठी, असे आपण धरून चालू. हा तुकडा होता केवळ बावीसेक अक्षरांचा. त्यातून कोणतेच प्रथिन बनत नव्हते. उलट दुसऱ्याच्या चिठ्ठीला चिकटून तो तिचे काम थांबवत होता. किड्याची ही लहर असावी, असे म्हणून बहुतेकांनी तिकडे दुर्लक्ष केले. पण २००० मध्ये ‘लेट-सेव्हन’ नावाचा असाच तुकडा त्या किड्यात सापडला, आणि तोच माणसातही निघाला. या शोधाचे नोबेल पारितोषिक दोघांना २०२४ मध्ये मिळाले.

आता हा धागा क्षयाशी कुठे जुळतो, ते पाहा. जगदीशचंद्र बसूंनी १९१७ मध्ये कलकत्त्याला काढलेल्या संस्थेतील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की, क्षयाचा जंतू पहारेकरी पेशीत शिरला की तिथला ‘लेट-सेव्हन’ कमी होतो. हा तुकडा एरवी ‘ए-ट्वेंटी’ नावाच्या प्रथिनाला आवरून धरतो, आणि ते प्रथिन म्हणजे पेशीच्या संरक्षणाला लागलेला ब्रेक. आवरणारा कमी झाला की ब्रेक घट्ट बसतो, पहारेकरी सुस्तावतो आणि जंतूचे फावते. प्रयोगात ‘लेट-सेव्हन’ वाढवला, तेव्हा पेशीतले जंतू कमी तगले. म्हणजे चोराने दार फोडलेच नाही. त्याने रखवालदाराला मिळणारा हुकूमच बदलला! जंतूचे स्वतःचेही असे छोटे आरएनए असतात, हे २००९ पासून ठाऊक आहे. या ज्ञानातून अजून गोळी तयार झालेली नाही. परंतु जंतूला मारण्याबरोबर पहारेकऱ्याला जागे करता येईल का, हा प्रश्न आता नेमका विचारता येतो.

आणि गोळीखेरीजही त्यातून आपल्याला काही मिळाले आहे. लढाई जर बावीस अक्षरांच्या चिठ्ठीवर आणि एका ब्रेकवर फिरत असेल, तर तिथे रोग्याचा अपराध बसवायला जागाच कुठे उरते? साध्या क्षयावर आज सहा महिन्यांची औषधे आहेत आणि सरकारी दवाखान्यांत ती मोफत मिळतात. ती मध्येच सोडली तर उरलेले जंतू औषधांना दाद देईनासे होतात. पण अनेक जण सोडतात ती औषधाच्या त्रासाने जेवढी, तेवढीच शेजाऱ्यांच्या नजरेच्या भीतीने.

पार्ल्याचे ते घर पडून तिथे आता इमारत उभी राहिली आहे. घर रिकामे करताना पेला माझ्या वाट्याला आला. मी तो चिंचेने घासून लख्ख केला. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगानंतर आमच्या घरी पहिला चहा त्यातच ओततात, आणि नातवंडांनी विचारले की मी सरळ सांगतो, “माझ्या आत्याचा आहे. तिला क्षय झाला होता.”