हत्ती गेला, घोडा गेला, नाव राहिलं : मुंबईत एक दिवस हातात असेल तर

दर वर्षी पीएच.डी.च्या मुलाखतींचा हंगाम आला की मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातो. "ताई, मुलाखतीला मुंबईत येतेय. मुलाखतीनंतरचा एक दिवस मोकळा आहे. काय काय बघू?"

आधी मी सगळ्यांना एकच यादी पाठवायचे. सकाळी गेटवे, तिथून लाँचने घारापुरी, दुपारी काळा घोडा, संध्याकाळच्या आत राणीची बाग. (सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात आणि बुधवारी राणीची बाग, त्यामुळे हे दोन वार टाळा. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असेल तर लाँच सुटत नाहीत, हेही लक्षात ठेवा.)

यादी आजही तीच देणार आहे. पण या वेळी सोबत एक प्रश्नही देते, तो चारही ठिकाणी विचारायचा : ही तारीख नेमकी कशाची? हे नाव नेमकं कशाचं? प्रश्न साधा आहे. मी तो वेळेवर विचारला नाही, म्हणून माझ्या प्रबंधाचं अख्खं प्रकरण मला पुन्हा लिहावं लागलं.

गेटवे : राजा आला तेव्हा कमान कुठे होती?

माझी एम.एस्सी. भूशास्त्रातली. आता संशोधन करते ते मुंबईच्या जुन्या इमारतींना दगड कुठून आला, कोणत्या खाणीतून, कोणत्या काळात, यावर. म्हणजे निम्मं काम दगडाचं आणि निम्मं कागदाचं. दगडाची सवय होती, कागदाची नव्हती.

दुसऱ्या प्रकरणाच्या कच्च्या खर्ड्यात मी बिनधास्त लिहून टाकलं होतं की १९११ साली राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी गेटवेच्या कमानीखालून मुंबईत आले. शाळेपासून ऐकलेलं होतं. कमानीवरच्या कोरीव लेखातही २ डिसेंबर १९११ ही तारीख आहेच, साल रोमन आकड्यांत. आणखी काय पुरावा हवा?

माझ्या गाईड मॅडमनी (गेटवेवर फोटो काढा म्हणून मागे लागणारे गाईड नव्हेत, पीएच.डी.च्या) त्या वाक्याखाली लाल रेघ मारली आणि समासात एवढंच लिहिलं : "मग दगडही १९११ च्या आधीच आला का?"

मी शोधायला बसले. कमानीवरची तारीख राजा उतरला त्या दिवसाची आहे. कमान त्या घटनेच्या स्मरणार्थ बांधलेली आहे आणि स्मारक घटनेनंतर होतं, ही उघड गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नव्हती. १९११ मध्ये अपोलो बंदरावर, म्हणजे जुन्या लोकांच्या बोलण्यातल्या पालवा बंदरावर, समारंभापुरता उभारलेला तात्पुरता मंडप होता. जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाच्या आराखड्याला मंजुरी मिळाली १९१४ मध्ये. त्यानंतर समुद्रात भर घालून जागा करावी लागली, मग बांधकाम झालं आणि उद्घाटन झालं ४ डिसेंबर १९२४ ला. राजाचं पाऊल आणि उभी कमान यांच्यात १३ वर्षं आहेत.

तुम्ही म्हणाल, १३ वर्षांनी काय बिघडतं? माझं बरंच बिघडलं. त्या मधल्या काळात पहिलं महायुद्ध झालं. कामाचा वेग, मजुरी, वाहतूक, सगळ्याचा हिशेब बदलतो. मी मांडलेला खाणींचा क्रम एका चुकीच्या वर्षावर उभा होता. ते वर्ष काढल्यावर पुढची चार पानं आपोआप पडली.

आणि गंमत बघा. ज्या कमानीखालून राजा आला असं आपण समजतो, तिथून तो आला नाही. पण २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी, सॉमरसेट लाइट इन्फन्ट्री, याच कमानीतून बाहेर पडून बोटीत चढली. कमान बांधली कशासाठी आणि ती लक्षात राहिली कशासाठी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुमच्या विषयातही ते वेगळेच ठेवा.

घारापुरी : खडकाचं वय आणि लेण्याचं वय

गेटवेहून लाँचने साधारण तासाभरात घारापुरी येते. पायऱ्या चढून मुख्य लेण्यात शिरलात की समोरच्या भिंतीवर ती सुप्रसिद्ध भव्य तीन मुखं दिसतात. बहुतेक जण त्यांना ब्रह्मा-विष्णू-महेश समजून नमस्कार करतात, कारण नाव "त्रिमूर्ती" पडलंय. मूर्तिशास्त्राचे अभ्यासक मात्र हा सदाशिव मानतात, म्हणजे तिन्ही मुखं शिवाचीच. लेणंही पूर्ण शैव आहे. आसपासचे शिल्पपट बघा : अर्धनारीश्वर, गंगावतरण, शिव-पार्वती विवाह, अंधकाचा वध. एका शिल्पाचं नाव ठरवताना शेजारच्या शिल्पांना विचारायचं असतं. लोकांच्या तोंडी बसलेलं नाव हे शेवटचं उत्तर नव्हे.

इथे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हमखास एक मोह होतो, मलाही झाला होता. हा दख्खनचा बेसॉल्ट. प्रयोगशाळेत त्याचं वय काढता येतं आणि ते सहा-साडेसहा कोटी वर्षांच्या घरात जातं. पण त्यातून लेण्याबद्दल काय कळलं? काहीच नाही. लाव्हा कधी थंड झाला ते कळलं, छिन्नी कधी चालली ते नाही. यंत्राने दिलेली संख्या अगदी बरोबर असू शकते आणि तरी ती तुमच्या प्रश्नाचं उत्तर नसते.

मग लेण्याचा काळ ठरवतात कसा? शिल्पांच्या शैलीवरून, जोगेश्वरीसारख्या दुसऱ्या लेण्यांशी तुलना करून आणि बेटावर सापडलेल्या कलचुरी राजा कृष्णराजाच्या नाण्यांवरून. त्यावरून बरेच अभ्यासक मुख्य लेणं सहाव्या शतकाच्या मध्याच्या आसपास ठेवतात. हा अंदाज आहे, चांगला आहे, पण अंदाजच.

खात्रीचा पुरावा कदाचित होता. दियोगो द कूतो या पोर्तुगीज इतिहासकाराने लिहून ठेवलंय की लेण्यात एक कोरीव लेखाचा दगड होता, तो वाचू शकेल असा माणूस इथे मिळाला नाही, म्हणून तो पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला. कूतोने हे लिहिलं तोवर दगड जाऊन बराच काळ लोटला होता. पुढे त्याचा पत्ता लागला नाही. लेणं कोणी कोरवलं, कोणत्या वर्षी, हे कदाचित त्या एका दगडावर होतं.

लेण्यात उभं राहून याचा जरा विचार करा. एवढं मोठं काम आणि करणाऱ्याचं नाव नाही. आपण "पुरावा मिळत नाही" असं पटकन लिहून मोकळे होतो. पण पुरावा कधी नव्हताच, की होता आणि कोणीतरी हलवला, हे वेगळं लिहावं लागतं.

या बेटावरून हललेली आणखी एक वस्तू आहे. पोर्तुगीज आले तेव्हा इथे दगडाचा एक मोठा हत्ती होता. त्या हत्तीवरून त्यांनी बेटाला "एलिफंटा" म्हटलं. आज बेटावर तो हत्ती शोधू नका, सापडणार नाही. त्याच्याकडे आपण संध्याकाळी जाणारच आहोत.

काळा घोडा : नाव आहे, घोडा कुठाय?

परत आलात की गेटवेहून चालत दहाएक मिनिटांत काळा घोडा. हा भाग संशोधकांचा मुक्कामच आहे. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याच्या पुराभिलेख विभागाचं मुंबईचं दफ्तर आहे, शेजारी डेव्हिड ससून वाचनालय. थोडं पुढे टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटी, जिची सुरुवात १८०४ ची. विषय इतिहासाचा नसला तरी एकदा या जागा बाहेरून का होईना बघून घ्या. पुढे कधी लागतील सांगता येत नाही. मला लागतील असं एम.एस्सी.ला असताना कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

आता चौकातला घोडा. आज तिथे स्वार नसलेला घोडा उभा आहे. तो बसवला २०१७ मध्ये. पण "काळा घोडा" हे नाव तर आपल्या आजोबांच्या तोंडीही होतं. म्हणजे हे नाव या घोड्याचं नाही. मूळ पुतळा होता युवराज एडवर्डचा (पुढचा राजा सातवा एडवर्ड), घोड्यावर बसलेला, १८७५ च्या त्याच्या मुंबईभेटीची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी दिलेला. लोकांनी नाव ठेवताना युवराजाला बाजूला ठेवलं आणि घोड्याचा रंग तेवढा उचलला. सरकारी कागदात युवराज आणि रस्त्यावर काळा घोडा. दोन्ही पुरावेच आहेत, पण वेगवेगळ्या गोष्टींचे. १९६५ मध्ये पुतळा तिथून हलवला. नाव मात्र हललं नाही.

राणीची बाग : दोघं एकाच अंगणात

सीएसएमटीहून धीमी लोकल पकडून भायखळ्याला उतरा. राणीची बाग, म्हणजे आताचं जिजामाता उद्यान, आणि त्याला लागून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय.

हत्ती इथे आहे. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना त्याचे तुकडे झाले आणि तो मुंबईतच राहिला. ते तुकडे बागेत आले आणि १९१४ मध्ये पुन्हा जोडून उभे केले. सांधे अजून कळतात, नीट बघा.

आणि घोडाही इथेच आहे, युवराजासकट. १९६५ मध्ये त्याला आणलं ते याच बागेत.

एका बेटाला नाव देणारा हत्ती आणि एका चौकाला नाव देणारा घोडा, दोघं एकमेकांपासून काही पावलांवर उभे आहेत. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी बराच वेळ तिथे बसून राहिले होते. नावं जागेवर आहेत, वस्तू इथे आहेत आणि मधली गोष्ट फक्त कागदात आहे. संशोधन बहुतेक वेळा या मधल्या गोष्टीचंच असतं.

संग्रहालयाला ज्यांचं नाव आहे ते भाऊ दाजीही (१८२२-१८७४) आपल्यातलेच, विज्ञानाकडून इतिहासाकडे आलेले. गोव्यातल्या मांद्र्याचा मुलगा, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून डॉक्टर झाला. कुष्ठरोगावर औषध शोधत होता आणि त्याच आयुष्यात अजिंठ्याचे लेखही वाचत होता. या संग्रहालयाच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा. "सायन्सची मुलं इतिहासात कशाला?" असं तुम्हाला मुलाखतीत कोणी विचारलं तर भाऊ दाजींचं नाव घ्या. फक्त नुसतं नाव नको, काम सांगा.

शेवटी, यादीलाच प्रश्न विचारा

गोविंद नारायण माडगांवकरांचं "मुंबईचें वर्णन" १८६३ मध्ये छापलं गेलं. त्या वर्षी राजाबाई टॉवर नव्हता (तो पूर्ण झाला १८७८ मध्ये). आज आपण ज्याला सीएसएमटी म्हणतो ती इमारत नव्हती (१८८८). गेटवे नव्हता, मरीन ड्राइव्ह नव्हता. चर्चगेट मात्र होतं, खरोखरचा दरवाजा, किल्ल्याच्या तटाचा. तो तट त्याच दशकात पाडला गेला आणि दरवाजाचं नाव आज स्टेशनला आहे.

म्हणजे "मुंबईत काय बघावं" या आपल्या यादीतली जवळजवळ एकही वास्तू नसताना माडगांवकरांनी मुंबईवर जाडजूड पुस्तक लिहिलं. तेव्हाच्या मुंबईत बघण्यासारखं काही कमी नव्हतं. काय बघण्यासारखं आहे हे दर पिढी नव्याने ठरवते, आणि मग ते कायमचंच होतं असं वाटायला लागतं.

तुमच्या विषयातही अशी एक यादी असणार : सगळे उद्धृत करतात ते पाच पेपर, सगळे वापरतात ती व्याख्या, प्रत्येक प्रस्तावनेत येणारं ते वर्ष. मुलाखतीला जाण्याआधी त्यातली एकच गोष्ट उचला आणि मुळापर्यंत जाऊन बघा. तारीख घटनेची आहे की स्मारकाची? संख्या खडकाची आहे की लेण्याची? नाव आहे, पण वस्तू अजून तिथे आहे का?

माझं ते प्रकरण नंतर पुन्हा लिहून झालं. दोन महिने गेले. मॅडमनी समासात या वेळी काही लिहिलं नाही, नुसती बरोबरची खूण केली. तुम्ही मुंबईत आलात आणि राणीच्या बागेत गेलात, तर हत्तीच्या पोटावरचे सांधे जरूर बघा.