क्रूझच्या केबिनमध्ये काय मिळतं, काय मिळत नाही? कोल्हापुरातून बॅग भरण्याआधी हे वाचा

कोल्हापुरातून क्रूझ गाठणं तसं सोपं आहे. रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडायची, सकाळी सीएसएमटीला उतरायचं आणि टॅक्सीने बॅलार्ड पिअर गाठायचं. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया क्रूझेसच्या 'एम्प्रेस' या जहाजाच्या सफरी मुंबईहून सुरू झाल्या. १९९० सालचं हे जहाज आधी रॉयल कॅरिबियन या कंपनीकडे होतं. गोवा आणि लक्षद्वीपच्या सफरींमुळे ते मराठी घरांत चांगलंच माहितीचं झालं.

खरा प्रश्न बॅग भरताना पडतो. टॉवेल न्यायचे का? इस्त्री घ्यावी का? आजींच्या गरम पाण्यासाठी किटली चालेल का? एक गोष्ट लक्षात ठेवली की बरीच उत्तरं आपोआप मिळतात. केबिन दिसते हॉटेलच्या खोलीसारखी, पण ती जहाजाचा भाग असते. समुद्रात आग लागली तर बाहेरून अग्निशमन दलाची गाडी येत नाही. त्यामुळे केबिनमध्ये काय ठेवायचं आणि काय नाही, हे आगीचा विचार करूनच ठरतं.

केबिनमध्ये काय असतं?

पलंग, चादरी, उशा, कपाट, आरसा, टीव्ही, फोन आणि छोटी तिजोरी बहुतेक जहाजांवर असते. बाथरूममध्ये टॉवेल, साबण किंवा बॉडी वॉश आणि शॅम्पू मिळतो. हेअर ड्रायरही बहुधा असतो. म्हणजे घरचे टॉवेल, चादरी नेऊन बॅग फुगवण्यात अर्थ नाही.

टूथब्रश, पेस्ट, कंगवा, दाढीचं सामान, कंडिशनर, सॅनिटरी पॅड मात्र घरूनच न्या. जहाजावरच्या दुकानात यातलं काही मिळालं, तरी निवड कमी आणि किंमत जास्त असते.

परदेशी बनावटीच्या जहाजांवर टॉयलेटमध्ये जेट स्प्रे असेलच असं नाही. एक छोटा प्लास्टिकचा मग सोबत असला की सगळ्यांची सोय होते. ही टॉयलेट व्हॅक्यूमवर चालतात. त्यात ओले वाइप्स किंवा पॅड टाकले तर पाइप तुंबतो आणि आजूबाजूच्या केबिननाही त्रास होतो.

खोली किती मोठी असते?

साधी केबिन बऱ्याच जहाजांवर साधारण १२० ते १८० चौरस फुटांची असते. आपल्या घरातली १२ बाय १२ ची खोली १४४ चौरस फुटांची होते. तेवढ्यात पलंग, कपाट आणि बाथरूमही असतं. चार जणांची केबिन घेतली, तर दोघांचे पलंग भिंतीतून किंवा छतातून खाली येतात.

म्हणून कडक सुटकेसपेक्षा मऊ बॅग बरी. रिकामी झाली की पलंगाखाली सरकवता येते. केबिनच्या भिंती बहुधा लोखंडी असतात, त्यामुळे चुंबकाचे हुक त्यांवर चिकटतात. टोप्या, ओले कपडे, पिशव्या अडकवायला ते कामी येतात. खिडकी नसलेल्या केबिनमध्ये दिवसाही मिट्ट काळोख असतो. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं सोबत असतील, तर बॅटरीवरचा छोटा दिवा न्या.

इस्त्री, किटली, एक्स्टेंशन बोर्ड का नको?

इस्त्री, पाणी गरम करायची किटली किंवा कॉइल, मेणबत्ती, उदबत्ती या वस्तू जवळपास सगळ्याच क्रूझवर चालत नाहीत. सामान तपासताना सापडल्या तर त्या काढून ठेवतात. गरम पाणी हवं असेल तर केबिन सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला सांगा किंवा उपाहारगृहातून थर्मासमध्ये भरून आणा.

सर्ज प्रोटेक्टर असलेल्या एक्स्टेंशन बोर्डावर बंदी का, हे अनेकांना कळत नाही. घरात एका वायरीत फेज असतो आणि दुसरी न्यूट्रल असते. जहाजावर मात्र अनेकदा दोन्ही वायरींमध्ये विद्युतदाब असतो. घरासाठी बनवलेला सर्ज प्रोटेक्टर अशा वायरिंगवर तापून पेट घेऊ शकतो. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१३ मध्ये याच धोक्याबद्दल जहाजांना इशारा दिला होता.

सॉकेटही वेगळे असतात. अनेक जहाजांवर अमेरिकी पद्धतीचे ११० व्होल्टचे आणि युरोपीय पद्धतीचे २२० व्होल्टचे सॉकेट असतात. आपला दोन गोल पिनांचा मोबाइल चार्जर युरोपीय सॉकेटमध्ये बहुधा बसतो, लॅपटॉपचा तीन पिनांचा प्लग बसत नाही. एक साधा अडॅप्टर आणि पॉवर बँक घ्या. रात्री श्वासासाठी मशीन लावावं लागत असेल, तर बुकिंग करतानाच कंपनीला कळवा.

हातातल्या पिशवीत काय ठेवायचं?

मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतल्या जातात आणि केबिनच्या दारात येईपर्यंत काही तास जाऊ शकतात. म्हणून रोजची औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी, चष्मा, मूळ ओळखपत्र, चार्जर आणि कपड्यांचा एक जोड स्वतःजवळ ठेवा. परदेशी बंदरावर जाणारी सफर असेल तर पासपोर्टही हातातच हवा.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. केबिनमधला फ्रीज असला तरी तो बहुधा मिनीबार असतो आणि घरच्या फ्रीजइतका थंड असेलच असं नाही. चढल्यावर लगेच जहाजावरच्या वैद्यकीय कक्षात चौकशी करा. बोट लागण्याचा त्रास असेल तर गोळी कोणती घ्यायची, हे कोल्हापुरातच आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. खालच्या मजल्यावरच्या, जहाजाच्या मध्यभागी असलेल्या केबिनमध्ये हेलकावे कमी जाणवतात.

आणि आपल्या खास गोष्टी?

घरी केलेलं जेवण आणि दारू जहाजावर नेऊ देत नाहीत. बंद पाकिटातलं भडंग चालेल का, हे कंपनीच्या नियमावलीत बघा. कोल्हापुरी चप्पल संध्याकाळच्या कार्यक्रमाला शोभून दिसेल, पण ओल्या डेकवर चामड्याचा तळ घसरतो. तिथे रबरी तळाची चप्पलच हवी.

किनारा दूर गेला की मोबाइलची रेंज जाते. फोन जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला जोडला गेला तर मोठं बिल येऊ शकतं, म्हणून फ्लाइट मोड लावून ठेवा. वाय-फायला बहुधा वेगळे पैसे पडतात.

केबिनमध्ये शिरल्यावर पहिलं काम कोणतं?

दाराच्या आतल्या बाजूला पाहा. संकटकाळी कुठे जमायचं याचा नकाशा तिथे लावलेला असतो. लाइफ जॅकेट कपाटात आहेत की जमण्याच्या जागी मिळणार, हे विचारून घ्या. सोबत मूल असेल तर त्याच्या मापाचं जॅकेट मागा.

१३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्यावर 'कोस्टा कॉनकॉर्डिया' हे जहाज खडकावर आदळलं आणि ३२ जणांचा जीव गेला. त्या दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची सुरक्षेची कवायत तोवर झालीच नव्हती. त्यानंतर नियम कडक झाले. आता ही कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्यावर लगेच घ्यावी लागते. कंटाळा न करता घरातल्या सगळ्यांनी तिला हजर राहा. बॅगा त्यानंतर निवांत उघडता येतील.