बॉनेल की पॉकेट? गादीच्या पोटातल्या स्प्रिंगमध्ये नेमका फरक काय?

गादीच्या दुकानात गेलात की दोन शब्द हमखास कानावर पडतात: बॉनेल आणि पॉकेट. बाहेरून दोन्ही गाद्या सारख्याच दिसतात. तेच जाड कापड, तीच सहा किंवा आठ इंचांची जाडी. किमतीत मात्र चांगलाच फरक असतो. कारण विचारलं तर 'पॉकेट भारी असते, कंबरेला बरी' एवढंच उत्तर मिळतं. गादी उसवून आत बघायची सोय नसल्यामुळे गिऱ्हाईक त्यावर विश्वास ठेवतं किंवा स्वस्त ती घेऊन मोकळं होतं.

खरं तर दोन्हींचा कच्चा माल एकच आहे, जास्त कार्बन असलेली पोलादी तार. ती यंत्रावर वेटोळ्यात वळवतात आणि मग स्प्रिंगला ठरावीक उष्णता देतात. वळवताना तारेत आलेला ताण त्यामुळे निघून जातो आणि स्प्रिंग दाबल्यावर पुन्हा मूळ उंचीला येते. ही पायरी कच्ची राहिली, तर स्प्रिंग कुठल्याही प्रकारची असो, गादी लवकर बसते. फरक पडतो तो यापुढे, म्हणजे स्प्रिंगचा आकार आणि शेजारच्या स्प्रिंगशी तिची जोडणी यात.

बॉनेल: डमरूच्या आकाराची स्प्रिंग

बॉनेल स्प्रिंग वर-खाली रुंद आणि मध्ये बारीक असते, थेट डमरूसारखी. या घडणीची स्प्रिंग आधी घोडागाडीच्या आसनात वापरली जायची, तिथून ती गादीत आली. आकारामागे कारण आहे. वजन पडलं की आधी रुंद वेटोळी दबतात, ती मऊ असतात. मग मधली अरुंद वेटोळी आधार द्यायला लागतात, ती कडक असतात. म्हणजे एकच स्प्रिंग आधी नरम आणि नंतर टणक वागते.

या स्प्रिंगा ओळीने उभ्या करून मळसूत्रासारख्या बारीक तारेने एकमेकींना विणतात आणि कडेने जाड तारेची चौकट बसवतात. झाली जाळी तयार. काम वेगाने होतं, कापड आणि गोंद फारसा लागत नाही, म्हणून गादी स्वस्त पडते.

पण हीच विणकाम केलेली जाळी तिची अडचणही आहे. एक स्प्रिंग दबली की शेजारचीही ओढली जाते. रात्रपाळीहून आलेला माणूस पहाटे तीनला अंथरुणावर टेकला की दुसऱ्या कडेला झोपलेल्याची झोपमोड होते ती यामुळेच. शिवाय तारेवर तार घासून काही वर्षांनी कुरकुर ऐकू यायला लागते.

पॉकेट: प्रत्येकीला स्वतंत्र पिशवी

यावर तोडगा जुना आहे. १९०० च्या आसपास जेम्स मार्शल या कॅनडातल्या अभियंत्याने प्रत्येक स्प्रिंग कापडाच्या वेगळ्या पिशवीत घालायची कल्पना आणली. स्प्रिंगा एकमेकींना तारेने बांधलेल्याच नसतील, तर एकीचा धक्का दुसरीला कमी बसतो. कल्पना उत्तम, पण पिशव्या हाताने भरायच्या आणि शिवायच्या म्हटल्यावर गादी श्रीमंतांपुरतीच राहिली. अमेरिकेतल्या सिमन्स कंपनीने हे काम यंत्रावर आणलं आणि १९२५ मध्ये 'ब्यूटीरेस्ट' ही गादी बाजारात उतरवली. तिची किंमत होती ३९.५० डॉलर, त्या काळासाठी महागच.

आज यंत्र स्प्रिंग दाबूनच पिशवीत भरतं आणि पिशवीचं तोंड ध्वनिलहरींच्या कंपनाने वितळवून बंद करतं. सुई-दोरा लागत नाही. अशा पिशव्यांच्या माळा गोंदाने शेजारी-शेजारी चिकटवल्या की गादीचा गाभा तयार होतो. कापड, गोंद, जास्त स्प्रिंगा आणि जास्त यंत्रवेळ, किमतीतला फरक यातून येतो. पॉकेट गादीची कड थोडी मऊ पडते, त्यामुळे बऱ्याच गाद्यांत कडेने कडक फोमची भिंत लावतात. जिथे ती नसते, तिथे काठावर बसून चपला घालताना घसरल्यासारखं वाटतं.

याशिवाय टोकं सपाट करून बिजागरीसारखी जोडलेली ऑफसेट स्प्रिंग आणि एकाच लांब तारेतून पूर्ण रांग वळवलेली सलग स्प्रिंग, असे आणखी दोन प्रकार आहेत. आपल्याकडच्या दुकानांत मात्र निवड बहुतेक वेळा बॉनेल आणि पॉकेट यांच्यातच असते.

आकडा बघायचा तर तारेचा

जाहिरातीत स्प्रिंगांची संख्या ठळक असते. त्यापेक्षा तारेची जाडी जास्त सांगून जाते. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. तार फक्त १० टक्के जाड केली, तर स्प्रिंग सुमारे ४६ टक्के कडक होते. जाडी गेजमध्ये सांगतात आणि इथे गंमत उलटी आहे: गेजचा आकडा मोठा, तर तार बारीक. १३ गेजची तार साधारण २.३ मिलिमीटर, १५ गेजची १.८ मिलिमीटर. बाकी सगळं सारखं ठेवलं तर पहिली स्प्रिंग दुसरीच्या अडीचपटीहून जास्त कडक. त्यामुळे हजार बारीक स्प्रिंगांची गादी पाचशे जाड स्प्रिंगांच्या गादीपेक्षा मजबूत असेलच असं नाही.

'ऑर्थो' या शब्दाचंही तसंच. त्यावरून आत कुठली स्प्रिंग आहे हे कळत नाही, गादी कडक आहे एवढंच बहुधा सुचवायचं असतं. पण कडक म्हणजे पाठीला चांगली, हा समज तपासून पाहिला गेला आहे. 'द लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००३ मध्ये आलेल्या स्पेनमधल्या अभ्यासात जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांना कडक किंवा मध्यम कडक गाद्या दिल्या होत्या. ९० दिवसांनंतर मध्यम कडक गादीवाल्यांना जास्त आराम पडलेला दिसला.

आणि अंग टेकतं ते स्प्रिंगवर नाही, तिच्यावरच्या फोमवर. गादीत खड्डा पडला की दोष स्प्रिंगला दिला जातो, पण अनेकदा दबलेला असतो तो हलका फोम. दुकानात फोमची जाडी आणि घनता दोन्ही विचारायला हरकत नाही.

मुंबई-कोकणच्या हवेत आणखी एक प्रश्न येतो, ओलाव्याचा. स्प्रिंगच्या गादीत हवा खेळते हा तिचा गुण, पण खाली सपाट प्लायवूडचा बॉक्स बेड असेल तर खालून हवा लागत नाही. पावसाळ्यात दमटपणा तिथेच साठतो, कापडाला बुरशी धरते आणि पुढे तारेला गंजही चढू शकतो. फळीला भोकं पाडून घेणं, अधूनमधून गादी उभी करून ठेवणं, हे उपाय फुकटातले आहेत. गादी उलटायची की नाही हे मात्र आधी पाहावं. फोम एकाच बाजूला असेल तर ती उलटायची नसते, डोक्याची बाजू पायाकडे फिरवायची असते.

शेवटचा मुद्दा जिन्याचा. पॉकेट गादी दाबून, गुंडाळून खोक्यात येऊ शकते. जाड तारेची चौकट असलेली बॉनेल सहसा गुंडाळता येत नाही. जुन्या चाळीत चौथ्या मजल्यावर राहत असाल तर पैसे देण्याआधी जिन्याचं वळण मोजून घ्या.