पोथीच्या पोटातला नकाशा

बायबलच्या अभ्यासकांसाठी संगणकावर आज जे ग्रंथसंच मिळतात, त्यांत नकाशे असतात खरे. पण ते चटकन हाती लागत नाहीत. छापील प्रतीत शेवटची पाने उलटली की पॅलेस्टाइनचा नकाशा समोर येतो. संगणकात तो कधी स्वतंत्र पुस्तक म्हणून ग्रंथसूचीत बसलेला असतो, तर कधी वचनातल्या गावाच्या नावामागे दडलेला असतो. नावाला बोट लावावे तेव्हा उघडतो. ही दुसरी रीत आम्हास अधिक मोलाची वाटते, कारण तीत नकाशा ग्रंथाच्या शेपटाशी न राहता ओळीपाशी येतो. स्थळ आणि वचन यांची अशी सांगड मराठीत सहाशे वर्षांपूर्वी घातली गेली होती, आणि तिचा धागा खानदेशातूनही गेला आहे.

प्रथम पश्चिमेकडे पाहू. छापील बायबलमध्ये पहिला नकाशा आला तो १५२५ साली, झुरिक येथे फ्रोशाउअर या मुद्रकाच्या जुन्या कराराच्या आवृत्तीत. इस्रायली लोकांच्या मिसरातून निघालेल्या प्रवासाचा तो नकाशा. पण तो छापताना उलटा उठला, आणि भूमध्य समुद्र पॅलेस्टाइनच्या पश्चिमेस असायचा तो पूर्वेस गेला! चित्राचा नकाशा असा फसतो. डोळ्यांना तो निश्चित वाटतो आणि म्हणूनच त्याच्याविषयी शंका येत नाही.

आमच्या महानुभावांनी चित्र काढले नाही. चक्रधरांच्या लीळा म्हाइंभटांनी शके १२०० च्या सुमारास संकलित केल्या. पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या परचक्रात मूळ प्रत नाहीशी झाली, आणि अनुयायांनी आठवणींच्या आधारे लीळा पुन्हा सिद्ध केल्या. आठवणी म्हटल्या की त्या एकमेकींशी जुळत नाहीत. अशा भिन्न आठवणींना पंथात ‘वासना’ म्हणतात. त्या गाळून टाकण्याऐवजी पाठातच नोंदवून ठेवण्याचा प्रामाणिकपणा या मंडळींनी दाखविला, याचे आम्हास आजही नवल वाटते. स्थळांविषयी त्याच शतकात स्वतंत्र ग्रंथ झाला, तो ‘स्थानपोथी’. गाव कोणते, गावाच्या कोणत्या दिशेस देऊळ, देवळाचे दार कोणत्या बाजूस, त्यापासून स्वामींच्या आसनाची जागा कोणीकडे, अशी ती चालते. अवस्थान, आसन, आरोगणा आणि परिश्रयाची जागासुद्धा! भक्ताला त्यात संकोच नव्हता, आणि इतिहासाच्या अभ्यासकालाही असण्याचे कारण नाही. पोथी हातात घेऊन पायी निघालेल्या माणसाला तीच वाट दाखवी. गेल्या शतकात डॉ. वि. भि. कोलते यांनी ती संपादून प्रसिद्ध केल्यामुळे आपणा सर्वांना ती वाचावयास मिळाली.

त्यापूर्वी हे सारे वाङ्मय सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत कोंडलेले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ही कुलुपे उघडली गेली, त्यात वि. ल. भावे यांच्याबरोबर राजवाड्यांचा वाटा मोठा आहे. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी येथे धुळ्यातच वारले, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ पुढच्याच वर्षी येथे उभे राहिले. १९२४ साली छापलेल्या ‘महिकावतीच्या बखरी’च्या प्रस्तावनेत त्यांनी कोकणच्या ग्रामनामांतून वसाहतीचा इतिहास वाचून दाखविला. त्यांची अनुमाने सर्वच टिकली असे नाही. पण गावाचे नाव हा दस्तऐवज आहे, ही दृष्टी टिकली.

आता कोणी लीळाचरित्र संगणकावर आणून प्रत्येक गावनामामागे नकाशा जोडील, आणि जोडावाच. पण कनाशीचे काय होईल? महानुभाव परंपरेत चक्रधरांच्या पावलांनी पावन मानलेली कनाशी जळगाव जिल्ह्याच्या भडगाव तालुक्यात आहे. नाशिक जिल्ह्याच्या कळवण तालुक्यातही एक कनाशी आहे. यंत्राला नाव कळते, गाव कळत नाही. ते पहिली सापडेल त्या कनाशीवर टिकली ठेवून मोकळे होईल, आणि वाचक श्रद्धेने किंवा घाईने ती खरी मानील. स्थानपोथीचा पाठ शेजारी उघडा असेल तरच दिशा आणि देऊळ ताडून चूक पकडता येईल.

बायबलच्या अभ्यासकांनाही हा पेच चुकलेला नाही. लूकच्या शुभवर्तमानात अम्माऊस गाव यरुशलेमपासून साठ स्टेडिया अंतरावर सांगितले आहे. काही जुन्या हस्तलिखितांत हाच आकडा एकशे साठ आहे. म्हणून अम्माऊसच्या मानावर एकाहून अधिक गावे हक्क सांगतात. नकाशावर एकच टिकली ठेवणारा संच त्यामुळे हस्तलिखितांतला हा वाद परस्पर मिटवून टाकतो.

खानदेशात ताडून पाहण्यासाठी दगडही आहेत. चाळीसगावजवळ वाघळीच्या महानुभाव मंदिरात शके ९९१ चा, म्हणजे १०६९ सालचा, शिलालेख आहे. त्यात मौर्य कुळातील गोविंदराजाचे आणि त्याचा अधिपती यादव सेउणचंद्र याचे नाव येते. चक्रधरांच्या आधी दोनशे वर्षे कोरलेला हा लेख महानुभावांच्या देवळात आहे, त्यावरून त्या वास्तूने आपले मालक बदललेले दिसतात. संगणकातल्या वाघळीच्या नावामागे नुसती टिकली नको. हा लेख हवा, मंदिराचे तोंड कोणत्या दिशेस आहे ते हवे, आणि पोथ्यांत त्या गावाविषयी ज्या वासना असतील त्याही हव्यात.