गावात फायबर आलं, पण इंटरनेट कंपनी निवडता येते का?

मोबाइल कंपनीची सेवा आवडली नाही, तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. देशभरात ही सोय 20 जानेवारी 2011 पासून आहे. घरात आलेल्या फायबरच्या तारेला मात्र अशी सोय नाही. तार ज्याची, इंटरनेट त्याचं. गेवराई तालुक्यातलं उमापूर असो की बीड जिल्ह्यातलं दुसरं कुठलं गाव, ‘आमच्याकडे फायबर आलंय’ आणि ‘आमच्याकडे कंपनी निवडता येते’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही एकच समजून वर्षभराचे पैसे भरणारे बरेच असतात.

तार नेमकी कुणाची?

गेवराईकरांना कालव्याचं उदाहरण लगेच कळेल. मुख्य कालवा, त्यातून निघणारी वितरिका आणि शेतापर्यंत येणारी चारी. इंटरनेटही असंच तीन टप्प्यांत येतं. मोठ्या शहरांना जोडणारी मुख्य लाइन, तालुक्याहून गावापर्यंतची लाइन आणि गावातल्या खांबावरून घरात शिरणारी तार.

मुख्य लाइन टाकणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत. खरी अडचण दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यात आहे. गेवराईहून गावापर्यंत एकच लाइन असेल, तर गावात दोन दुकानं दोन नावांनी कनेक्शन विकत असली तरी दोघांचं इंटरनेट एकाच तारेतून येऊ शकतं. रस्त्याच्या कामात जेसीबीने ती तोडली की दोघांचंही बंद. अशा वेळी ‘एक बंद पडलं तर दुसरं चालेल’ म्हणून घेतलेली दोन कनेक्शनं फुकट जातात.

सरकारने यावर काय केलं?

कागदावर तरी बरोबर विचार केला होता. 25 ऑक्टोबर 2011 रोजी केंद्र सरकारने देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना मंजूर केली. तिचंच पुढे ‘भारतनेट’ झालं. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्यातलं काम राज्य सरकारने ‘महानेट’ या नावाने हाती घेतलं. ही लाइन सरकारी पैशातून टाकायची आणि भेदभाव न करता सगळ्या कंपन्यांना भाड्याने वापरू द्यायची, हे या योजनेचं मूळ तत्त्व. म्हणजे वितरिका सरकारने बांधायची आणि तिच्यातून आपली चारी कुणीही काढायची.

पण भारतनेटची लाइन ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत येते. तिथून तुमच्या घरापर्यंतची तार कुणीतरी टाकावी लागते. ती टाकणाऱ्याला खांब, माणूस आणि दुरुस्ती यांचा खर्च निघेल एवढे ग्राहक हवेत. शंभर घरांच्या वस्तीत एकाचाच खर्च जेमतेम निघतो, दुसरा येईल कशाला? तारांचा दुहेरी खर्च मोठा आणि ग्राहक तेवढेच, हे निवड नसण्याचं मुख्य कारण आहे. कुणाच्या कारस्थानाची त्यात गरज नाही.

शिवाय आधी ही लाइन सरळ रेषेत टाकलेली होती, एका ठिकाणी तुटली की पुढची गावं अंधारात. 4 ऑगस्ट 2023 रोजी मंजूर झालेल्या 1,39,579 कोटी रुपयांच्या सुधारित भारतनेटमध्ये ही रचना रिंगची करायची आहे, म्हणजे एका बाजूने तुटलं तर दुसऱ्या बाजूने इंटरनेट चालू राहील. पाच वर्षांत ग्रामीण भागातल्या दीड कोटी घरांना फायबर देण्याचं लक्ष्यही त्यातच आहे. काम बीएसएनएलच्या देखरेखीखाली होतंय आणि घरापर्यंतच्या तारेसाठी स्थानिक उद्योजकांना महसुलात वाटा देऊन सोबत घेतलं जातं.

दुसरीकडे कसं चालतं?

स्वीडनच्या स्टॉकहोम शहराने 1994 मध्ये ‘स्टोकाब’ ही पालिकेची कंपनी काढली. ती जमिनीखाली फायबर टाकते आणि कंपन्यांना भाड्याने देते. न्यूझीलंडमध्ये 2011 मध्ये तारा सांभाळणारी ‘कोरस’ ही कंपनी मूळ दूरसंचार कंपनीपासून वेगळी केली गेली. कोरसने घरोघरी थेट इंटरनेट विकायचं नाही, ते विकणाऱ्या कंपन्या वेगळ्या. तिथे कंपनी बदलली तरी घरातली तार सहसा तीच राहते.

भारतातही ही कल्पना नवी नाही. ट्रायने 2004 मध्येच बीएसएनएलची टेलिफोनची तांब्याची तार इतर कंपन्यांना वापरू द्यावी अशी शिफारस केली होती. त्याच वर्षीच्या ब्रॉडबँड धोरणात ती सक्तीची केली गेली नाही. कंपन्यांनी आपसांत काय ते ठरवावं, एवढ्यावर विषय सोडला. फायबरच्या काळात तीच सवय पुढे चालू राहिली, असं म्हणायला जागा आहे.

मग उमापूरच्या ग्राहकाने काय बघायचं?

सगळ्यात आधी, केबलवाला कुणाचं इंटरनेट देतो ते विचारा. गावातला केबलवाला बहुतेक वेळा एखाद्या परवानाधारक कंपनीचा भागीदार असतो. त्या कंपनीचं नाव पावतीवर हवं. दुसरा विक्रेता असेल तर त्यालाही विचारा, की गेवराईहून त्याची लाइन कुठून येते. उत्तर एकच आलं, तर ती निवड नावापुरती.

‘एअरफायबर’ या नावाने गोंधळू नका. 2023 पासून मिळणाऱ्या या सेवेत घरापर्यंत फायबर नसतो, टॉवरवरून 5जी सिग्नल येतो आणि घराबाहेर लावलेलं यंत्र तो पकडतं. टॉवरजवळ चांगलं चालतं, गर्दीच्या वेळी वेग पडू शकतो. पण गावातल्या तारेशी त्याचा संबंध नसल्यामुळे, कव्हरेज असेल तिथे केबलवाल्याला खरी स्पर्धा यातूनच मिळते.

घरात बसवलेली पेटी कुणाच्या मालकीची, अनामत किती आणि परत कधी, हेही आधीच ठरवून घ्या. कंपनीची पेटी बहुधा त्याच कंपनीच्या जाळ्यावर चालते, त्यामुळे बदलताना नवी तार आणि नवी पेटी असा खर्च पुन्हा येतो. जाहिरातीतल्या दरावर 18 टक्के जीएसटी धरला आहे का, तेही बघा.

वर्षभराचा प्लॅन महिन्याच्या हिशोबाने स्वस्त दिसतो. पण बीड जिल्ह्यातून लाखो मजूर दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. ज्या घराला पाच-सहा महिने कुलूप असतं, त्यांना तो स्वस्त नाही. महिन्याचा प्लॅन घ्यावा, किंवा कनेक्शन काही महिने थांबवता येतं का ते लेखी विचारावं.

तक्रार असेल तर आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंदवून नंबर घ्यायचा, तिथे दाद लागली नाही तर मोठ्या कंपन्यांकडे अपील प्राधिकरण असतं. दूरसंचार सेवेविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केलंय, आणि असा आयोग बीडमध्येही आहे. मात्र महिन्याचे पैसे रोख देऊन पावती घेतलीच नसेल, तर तक्रार केबलवाल्याविरुद्ध करायची की त्याच्यामागच्या कंपनीविरुद्ध, इथूनच अडचण सुरू होते.